तंत्रविद्यालयाचे गुणवंत पदवीधर : गौरवाची रीत आणि गौरवाची कसोटी

रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरास भेट देणाऱ्या अभ्यासकास तेथे दोन शिलालेख आढळतात. एक संस्कृत असून त्यात गडावरील वास्तूंचे वर्णन व निर्माता म्हणून हिरोजीचे नाव आहे. दुसरा मंदिराच्या पायरीवर कोरलेला आहे. तो अगदी लहान असून, सेवेस तत्पर असलेला हिरोजी एवढाच त्याचा आशय आहे. आपल्या कामाबद्दल काय हवे असे महाराजांनी विचारले असता हिरोजीने ही पायरीच मागून घेतली, अशी आख्यायिका या दुसऱ्या लेखाभोवती रचली गेली आहे. आख्यायिकेच्या खरेखोटेपणात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गड बांधणाऱ्या स्थपतीचा गौरव त्याने बांधलेल्या वास्तूतच, दगडावर, कामाच्या तपशिलासह नोंदला गेला. गौरव आणि काम यांत अंतर पडले नाही.

आधुनिक तंत्रविद्यालये आपल्या कर्तबगार पदवीधरांचा जो गौरव करतात त्याची रीत याहून निराळी आहे. तेथे काम एका ठिकाणी असते आणि गौरव दुसऱ्या ठिकाणी होतो. धरण खोऱ्यात उभे असते. पदक सभागृहात दिले जाते. नाव ग्रंथालयाच्या भिंतीवरील फलकावर लिहिले जाते. फलक वाचणाऱ्या विद्यार्थ्यास त्या नावामागील काम कोणते हे बहुधा ठाऊक नसते. हे अंतर कसे पडले व त्यामुळे आपल्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासाचे कोणते नुकसान झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी मुख्यतः पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उदाहरण घेतले असून रुडकी, गिंडी व मुंबई येथील संस्थांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

पुण्यातील या संस्थेचा आरंभ १८५४ साली झाला. तो महाविद्यालय म्हणून झाला नाही, हे प्रथम ध्यानात ठेवले पाहिजे. सार्वजनिक बांधकाम खात्यास रस्ते, इमारती, कालवे व पूल यांच्या कामावर दुय्यम दर्जाचे नोकर हवे होते. ते तयार करण्यासाठी इंजिनीअरिंगचा एक वर्ग व त्याला जोडून यंत्रशाळा, असे तिचे मूळ रूप होते. १८६५ मध्ये मुळा-मुठा संगमाजवळच्या इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बसविण्यात आली. त्याच सुमारास संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली जाऊन तेथे एल. सी. ई. ही परीक्षा सुरू झाली. पुढे 'कॉलेज ऑफ सायन्स' व १९११ पासून 'कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग' अशी तिची नावे बदलत गेली, आणि २०२२ मध्ये तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्राचार्य थिओडोर कुक यांनी या संस्थेची दीर्घकाळ धुरा वाहिली. इंजिनीअरिंगचे हे अध्यापक मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या कोशासाठी अधिक ओळखले जातात, ही एक गमतीची गोष्ट होय. कर्तृत्व आणि पद यांची जोड नेहमी सरळ असतेच असे नाही, याचे हे पहिलेच उदाहरण शिक्षकवर्गातून मिळते.

अशा संस्थेतील विद्यार्थ्याचा पहिला गौरव होई तो परीक्षेतील पारितोषिकाने. मुंबई विद्यापीठातील जेम्स बर्कली पारितोषिक हे त्यांतील विशेष मानाचे. बर्कली हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते. बोरघाटाची चढण त्यांच्या आखणीने रुळांखाली आली. हे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. परंतु ते पाहण्यास बर्कली उरले नाहीत, १८६२ मध्येच त्यांचा अंत झाला. म्हणजे विद्यार्थ्यास मिळणारे पारितोषिक हे स्वतःच एका अभियंत्याचे स्मारक होते. मात्र त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि पटकी, ताप व सुरुंगांचे अपघात यांनी त्यांतील कितीतरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला व त्याचे कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवून पुरे करविले. यांपैकी कोणाच्याही नावाचे पारितोषिक निघाले नाही. स्मारक अभियंत्याचे झाले. पुढच्या शंभर वर्षांत गौरवाची जी वाट रुळली तिचा उगम येथेच दिसतो.

पारितोषिकापेक्षाही महत्त्वाची होती ती नोकरीची हमी. पुण्याच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्यास बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनीअरची जागा देण्याचे सरकारने मान्य केले होते. ही जागा एकच असे. विलायतेत कूपर्स हिल येथे हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी १८७१ मध्ये खास महाविद्यालय निघाले आणि ते १९०६ पर्यंत चालले. वरिष्ठ जागांचा मोठा भाग तेथून आलेल्या गोऱ्या तरुणांकडे जाई, आणि एतद्देशीय विद्यालयांतून आलेल्यांच्या वाट्यास थोडे येई. त्यामुळे 'पहिला आला' हे शब्द त्या काळात निव्वळ कौतुकाचे नव्हते. पहिला व दुसरा यांच्यामध्ये एका सबंध आयुष्याचे अंतर पडू शकत होते. दुसरा आलेल्याचे नाव आज कोणास सांगता येत नाही. तो कदाचित कोठे तरी कालव्याच्या कामावर तितक्याच बुद्धीने आयुष्यभर राबला असेल.

१८८३ मध्ये या परीक्षेत पहिले आले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. बंगळूरास बी. ए. होऊन संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते पुण्यास आले. बर्कली पारितोषिक मिळविले व १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांचा पुढील चरित्रक्रम सर्वश्रुत आहे : नाशिक, धुळे, सक्कर, सुरत, पुणे, १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडणे, मुसीच्या पुरानंतर हैदराबादची योजना, १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता व १९१२ ते १९१८ दिवाण, १९१५ मध्ये 'सर'की, १९५५ मध्ये भारतरत्न, १९६२ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, निधन. त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. तंत्रविद्यालयाच्या पदवीधराला याहून मोठा मान कोणता मिळावयाचा?

पण मान मोजण्यापेक्षा काम पाहणे अधिक उपयुक्त होईल. खडकवासल्याचे धरण, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतील लेक फाइफ, १८६९ ते १८७९ या दशकात दगडी बांधकामात उभे राहिले. पावसाळ्यात जलाशय भरला की सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचा लोंढा वाहून जाई आणि पुढे उन्हाळ्यात त्याच पाण्याची टंचाई भासे. धरणाची भिंत वाढवावी तर पायापासून बळकटी द्यावी लागणार, खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडमीट होणारी दारे बसविली. दाराचा तोल प्रतिभाराशी अशा रीतीने साधलेला असे की, पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत दार बंद राही. पाणी त्यावर चढू लागताच तोल ढळून दार उघडे व जादा पाणी निघून जाई. पातळी उतरली की ते पुन्हा मिटे. रात्री मुसळधार पावसात चौकीदाराने धावत जाऊन दारे उघडावीत ही गरज उरली नाही. या योजनेने जलाशयाची पातळी सुमारे ८ फूट उंचावली व साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ही गोष्ट १९०३ च्या सुमाराची. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले. परंतु सरकारी नोकरीत केलेल्या कामाबद्दल सरकारकडून मानधन घेणे त्यांस योग्य वाटले नाही.

आता याच धरणाच्या इतिहासातील आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. महात्मा जोतीराव फुले यांनी कंत्राटदार या नात्याने खडकवासल्याच्या कामात भाग घेतला होता. बांधकाम खात्यातील नोकरांची लबाडी व मजुरांची नागवणूक त्यांनी जवळून पाहिली व त्यावर कठोर शब्दांत लिहिले. म्हणजे ज्या भिंतीवर पुढे ही बुद्धिमान दारे बसली त्या भिंतीच्या दगडांमागे कोणाचे हात होते याची साक्ष आपल्या भाषेत उपलब्ध आहे. ती विद्यालयाच्या गौरवग्रंथांत मात्र येत नाही. दुसरी गोष्ट १२ जुलै १९६१ ची. वरच्या अंगास बांधले जात असलेले पानशेतचे धरण त्या दिवशी फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटले. पुणे शहराच्या नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. त्यांच्या दारांचा यात दोष नव्हता. तोलाची दारे विशिष्ट प्रमाणातील पुरासाठी आखलेली असतात. वरचे सबंध धरण कोसळून आलेला लोंढा हा निराळाच प्रकार होता. तरीही अभियंत्याच्या कामाचे आयुष्य त्याच्या गौरवानंतरही चालूच राहते आणि त्याची परीक्षा केव्हा होईल हे गौरव करणाऱ्यांस ठाऊक नसते, ही गोष्ट या प्रसंगाने जितकी स्पष्ट होते तितकी अन्य कशाने होणार नाही.

विश्वेश्वरय्यांचे दुसरे मोठे काम सिंचनातील 'ब्लॉक पद्धती'चे. कालव्याखालील जमीन विखुरलेली न भिजविता ठराविक गटांत एकत्र भिजवावी, गटात ऊस, अन्य बागाईत व हलक्या पाण्याची पिके यांचा फेर ठेवावा, व अशा रीतीने थोड्या पाण्यात अधिक कुटुंबांस लाभ द्यावा, असे तिचे तत्त्व. १८९९ च्या दुष्काळानंतर नीरा कालव्यावर तिचा अवलंब झाला. ज्यास खानदेशाची माहिती आहे त्यास हे वाचताच पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीची आठवण होईल. बंधाऱ्याच्या पाटाखालील गावशिवार तीनचार फडांत विभागलेले, एका फडात एका हंगामी एकच पीक, वर्षावर्षाला फडांची अदलाबदल, पाणी सोडण्यास पाटकरी व राखणीस जागल्या. ही व्यवस्था गावकऱ्यांनी शतकानुशतके चालविलेली होती. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची आरंभीची वर्षे धुळ्याकडे, पांझरेच्याच काठी गेली. दोन्ही पद्धतींतील साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. यामुळे विश्वेश्वरय्यांचे श्रेय कमी होते असे आमचे मत नाही. गावाच्या रीतीला सरकारी कालव्याच्या प्रमाणावर, नियमांत व करारांत बसविणे हे स्वतंत्र बुद्धीचे काम आहे. परंतु ज्या पाटकऱ्यांनी मूळ रीत सिद्ध केली त्यांना पदवी नव्हती. म्हणून त्यांचा गौरव करण्यास कोणतेही विद्यालय नव्हते.

येथे गौरवाच्या दुसऱ्या प्रकाराकडे वळू. रावसाहेब, रावबहादूर, सी. आय. ई., के. सी. आय. ई. या पदव्या विद्यालय देत नसे. त्या सरकार देई. विद्यालय मात्र आपल्या अहवालात त्यांची यादी अभिमानाने छापी. हा उसना गौरव होय. स्वातंत्र्यानंतर पदव्यांची नावे पालटली, प्रकार तोच राहिला; पद्म पुरस्काराची घोषणा झाली की विद्यालयास आपला माजी विद्यार्थी आठवतो. यात गैर काही नाही. पण सरकारला जे दिसते तेवढेच विद्यालयास दिसू लागले, तर विद्यालयाने स्वतःची दृष्टी गमावली असे म्हणावे लागेल. परकी सत्तेच्या काळात हे विशेषच खरे होते. १९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबईची नोकरी सोडली तेव्हा मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत हिंदी माणसाने चढावे अशी त्या खात्याची घडी नव्हती. सरकारी मानाची यादी हीच कसोटी मानली असती तर त्या वर्षी त्यांची गणना निवृत्त अधिकाऱ्यांत झाली असती आणि विषय तेथेच संपला असता.

गौरवाचा तिसरा प्रकार केवळ शास्त्रज्ञ व अभियंते यांच्याच वाट्यास येतो, तो म्हणजे पाठ्यपुस्तकात नाव रुजणे. रुडकीचे विद्यालय १८४७ चे. गंगा कालव्याच्या निमित्ताने निघालेले व पुढे लेफ्टनंट गव्हर्नर टॉमसन यांच्या नावाने ओळखले गेलेले. तेथून १९१६ साली बाहेर पडलेले अयोध्यानाथ खोसला यांचे नाव आज प्रत्येक स्थापत्य अभियंता 'खोसला सिद्धांत' म्हणून घेतो. हा सिद्धांत कोणत्या अडचणीतून निघाला ते सांगण्यासारखे आहे. वाळूच्या पात्रावर बांधलेल्या बंधाऱ्याच्या तळाखालून पाणी झिरपत राहते. ते तळाला लगटून सरपटत जाते व जितकी वाट लांब तितका त्याचा दाब समप्रमाणात घटतो, असे ब्लाय यांचे मत १९१० पासून प्रमाण मानले जाई. १९२६-२७ च्या सुमारास पंजाबातील अप्पर चिनाब कालव्यावरील काही बांधकामांत बिघाड दिसू लागला. फरसबंदीत नळ्या बसवून खालचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो ब्लाय यांच्या हिशेबाशी जुळेना. या मोजमापातून असे दिसून आले की, तळाखाली ठोकलेल्या पडद्यांच्या बाहेरच्या बाजू आतल्या बाजूंपेक्षा अधिक परिणामकारक असतात, आणि बंधारा पोखरला जाण्यास आरंभ होतो तो खालच्या टोकाशी, जेथे झिरपा जमिनीतून बाहेर पडतो तेथे. पाणी बाहेर पडतानाचा उतार एका मर्यादेबाहेर गेला की वाळूचे कण उचलले जातात, त्यांच्यामागून पुढचे, आणि पोकळी मागे मागे सरकत बंधाऱ्याखाली शिरते. तेव्हा वाट केवळ लांबवून भागत नाही. खालच्या टोकाशी खोल पडदा हवाच.

१९३६ साली हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर तीन नावे होती : खोसला, न. क. बोस व ई. मॅकेन्झी टेलर. बोस व टेलर हे लाहोरच्या सिंचन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ. गणिताची बैठक व प्रयोगशाळेतील प्रयोग यांवाचून तो ग्रंथ उभा राहिला नसता. विद्यार्थ्याच्या तोंडी मात्र एकच नाव राहिले. यात खोसलांचा दोष नाही. ग्रंथावर तिघांची नावे स्पष्ट छापलेली आहेत. संक्षेप पाठ्यपुस्तकांनी केला व गौरवसमारंभांनी तो पक्का केला. मोठे अभियांत्रिकी काम एकट्याचे नसते हे प्रत्येक अभियंता जाणतो, पण गौरवाची भाषा एकवचनी आहे. ही भाषा कवीस किंवा चित्रकारास लागू पडेल; धरणास व सिद्धांतास ती जशीच्या तशी लावता येत नाही.

पदवीच्या कागदावरही अशीच एक कथा नोंदलेली आहे. मद्रासजवळील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ए. ललिता यांनी विजेच्या शाखेत प्रवेश घेतला. पंधराव्या वर्षी विवाह, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर काही महिन्यांची मुलगी, ही त्यांची परिस्थिती. वडील त्याच विद्यालयात प्राध्यापक असल्याने प्रवेशाची वाट काहीशी सुकर झाली. त्यांच्या पाठोपाठ पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत आल्या. या तिघींच्या हाती जी प्रमाणपत्रे पडली त्यांवरील छापील मजकुरात पदवीधराचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने होता. तो शब्द खोडून त्या जागी स्त्रीलिंगी सर्वनाम हाताने लिहावे लागले. ललिताबाईंनी पुढे कलकत्त्याच्या एका विद्युत कंपनीत भाक्रा-नानगलच्या प्रेषण वाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केले, आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या स्त्री-अभियंत्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित होत्या. भाक्रा धरणाचे नाव निघाले की खोसला आठवतात, व ते योग्यच आहे. वीज धरणातून घराघरांत पोहोचविणाऱ्या तारांचा हिशेब कोणी मांडला हे मात्र फारच उशिरा विचारले जाऊ लागले. तंत्रशिक्षणाच्या इतिहासकारास ते हाताने दुरुस्त केलेले प्रमाणपत्र कोणत्याही सुवर्णपदकापेक्षा अधिक बोलके वाटल्यास नवल नाही.

'पदवीधर' हा शब्दच मुळात अपुरा आहे, ही अडचणही येथे नमूद केली पाहिजे. पुण्याच्या संस्थेचा जन्म दुय्यम नोकर तयार करण्यासाठी झाला, हे वर आलेच आहे. ओव्हरसिअर, सबओव्हरसिअर, नकाशे काढणारे व यंत्रशाळेत तयार झालेले कारागीर हे तिचे पहिले विद्यार्थी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे १९९७ पासूनच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, आरंभीची कित्येक दशके पदवी नव्हे तर पदविकाच मिळत असे. गिरण्यांच्या यंत्रशाळा व वीजघरे यांतून ज्यांनी मुंबईचा उद्योग चालविला ते पदविकाधारकच होते. याच संस्थेत यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तर कोठलेच इंजिनीअर नव्हते. चित्रकलेच्या शाळेत शिकलेला हा मनुष्य बढतीत आपल्याला डावलले हे पाहून नोकरी सोडून बेळगावास गेला आणि पुढे लोखंडी नांगर व १९१० पासूनची किर्लोस्करवाडी उभी राहिली. विद्यालयाच्या यादीत त्यांना कोणत्या सदरात घालावयाचे? विद्यार्थी नव्हेत, पदवीधर नव्हेत, निवृत्त प्राध्यापकही नव्हेत. तरीही त्या काळातील मुंबईच्या तंत्रविद्येचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर पिढीकडे आले की निवडीचा प्रश्न निराळ्याच रीतीने अवघड होतो. पुण्याच्याच विद्यालयातील तीन नावे घेऊ. थॉमस कैलाथ हे १९५६ मध्ये दूरसंचरण शाखेतून पदवी घेऊन अमेरिकेस गेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात संकेतप्रक्रिया व नियंत्रण यांचे गणित त्यांनी घडविले. २००९ मध्ये पद्मभूषण व पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांस मिळाले. माधवराव चितळे यांनी सरकारी सेवेत पाण्याच्या नियोजनास आयुष्य दिले. १९९३ चा स्टॉकहोम जलपुरस्कार त्यांचा. बी. जी. शिर्के यांनी वाईजवळच्या पसरणीहून येऊन पदवी घेतली व सच्छिद्र हलक्या काँक्रीटचे ठोकळे कारखान्यात तयार करून घरबांधणीत वापरण्याचे तंत्र येथे रुजविले. एकाचे काम प्रमेयांत आहे, दुसऱ्याचे धोरणांत व तिसऱ्याचे भिंतींत. तिघांना एकाच मापाने मोजावयाचे झाल्यास माप कोणते घ्यावे? प्रबंधांची संख्या घेतली तर दुसरा व तिसरा मागे पडतात. उलाढाल घेतली तर पहिले दोन. आणि पुरस्कारांचीच संख्या घेतली तर आपण पुन्हा उसन्या गौरवाकडेच परततो.

आजकाल या प्रश्नास देणगीचाही एक पदर जोडला गेला आहे. सरकारी अनुदाने आखडत गेली तसतशी विद्यालयांना माजी विद्यार्थ्यांच्या मदतीची गरज वाढली, आणि सत्काराच्या व्यासपीठावर दात्याची खुर्ची गुणवंताच्या खुर्चीशेजारी मांडली जाऊ लागली. दोन्ही खुर्च्या पुष्कळदा एकच असतात. दानाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे हा विद्यालयाचा धर्मच आहे. ती उघडपणे दानाबद्दलची म्हणून व्यक्त व्हावी, विद्येच्या नावाखाली नव्हे, इतकेच आमचे म्हणणे. या संदर्भात रुडकीचे सर गंगाराम यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १८७३ मध्ये सुवर्णपदकासह बाहेर पडलेल्या या अभियंत्याने लाहोर शहराच्या कितीतरी सार्वजनिक इमारती बांधल्या, पंजाबात उपसा सिंचनाने पडीक जमीन लागवडीस आणली, आणि मिळविलेले धन रुग्णालय व विधवाश्रम यांत घातले. लाहोरातील त्यांच्या पुतळ्यावर फाळणीच्या दंगलीत जमाव चालून गेला. त्यात जखमी झालेल्यास गंगारामांच्याच रुग्णालयात नेले, असा प्रसंग सादत हसन मंटो यांनी एका अत्यंत लहान कथेत रंगविला आहे. पुतळा गेला, रुग्णालय मात्र लाहोरात त्याच नावाने चालत राहिले आणि फाळणीनंतर दिल्लीतही त्यांच्या नावाचे दुसरे रुग्णालय निघाले.

मग विद्यालयाने नेमके काय करावे? पदके बंद करावीत असे कोणी म्हणणार नाही. तरुण विद्यार्थ्यास आदर्श दिसावा लागतो, आणि विश्वेश्वरय्यांचे चित्र पाहून इंजिनीअर झालेली माणसे आमच्या परिचयात आहेत. सूचना एवढीच की, गौरवपत्र हे प्रशस्तिपत्र न राहता कार्यवृत्त व्हावे. आजची गौरवपत्रे उघडून पाहिली तर त्यांत दूरदृष्टी, नेतृत्व, समर्पण अशी विशेषणे आढळतात. काम कोणते, ते सहसा एका ओळीत आटोपते. पन्नास वर्षांनी येणाऱ्या संशोधकास या विशेषणांचा काडीइतका उपयोग नाही. त्याला हवे असते ते असे : अडचण कोणती होती, पूर्वीची रीत का अपुरी पडली, नव्या रीतीचे तत्त्व काय, मोजमापे कोणती, सहकारी कोण, नकाशे कोणी काढले, कामावर देखरेख कोणाची, कोठे चुकले व ते कसे सुधारले. खडकवासल्याच्या दारांविषयी आपल्याला जे सांगता येते ते विश्वेश्वरय्यांनी १९५१ मध्ये आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या म्हणून. ज्यांनी लिहिले नाही त्यांची दारे उघडली कशी व मिटली कशी हे सांगण्यास आज कोणी उरलेले नाही.

असे कार्यवृत्त गौरव होण्यापूर्वी, गौरवमूर्ती हयात असताना, विद्यालयातील विद्यार्थ्यांनी मुलाखती घेऊन व जागेवर जाऊन तयार करावे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा तो एक भाग मानण्यासही हरकत नसावी. त्यात खुद्द गौरवमूर्तीने आपल्या किमान दोन सहकाऱ्यांची नावे सांगावीत, आणि त्यांतील एक तरी पदवीधर नसावा, असा नियम केला तर निवड समितीस प्रथम थोडे अवघड वाटेल. फडाच्या पाण्यावर आयुष्य काढलेला पाटकरी, यंत्रशाळेतला फिटर, नकाशे काढणारी स्त्री ही माणसे अशाच वाटेने विद्यालयाच्या दप्तरात येऊ शकतील. कार्यवृत्ताची एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात व दुसरी शक्य तेथे कामाच्या जागी, धरणाच्या चौकीत किंवा कारखान्याच्या कचेरीत, मराठीत ठेवावी.